पात्राची पाठही दाखवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शनिवारच्या बालपुरवणीत उन्हाळी सुट्टीपासून कार्टून काढायला शिकवणारे एक सदर येत आहे. पहिल्या चौकटीत एक वर्तुळ, दुसऱ्या चौकटीत त्याला जोडलेले दोन कान, तिसऱ्या चौकटीत डोळे-तोंड आणि चौथ्या चौकटीत रंगवून तयार झालेले माकड, ससा किंवा हत्ती, असा त्याचा साचा आहे. आमच्या घरी हे सदर कात्रीने कापून वहीत चिकटवले जाते. शनिवारी मी पेपर हातात घेईपर्यंत त्याला खिडकी पडलेली असते. मुलांच्या हाती पेन्सिल देण्यासाठी एखाद्या वृत्तपत्राने दर आठवड्याला पाव पान खर्च करावे, याचे मला मनापासून कौतुक आहे. तरीही या सदराबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती करण्याचा थोडाफार अधिकार गेल्या दोन वर्षांत स्वतः शिकाऊ होऊन मी मिळवला आहे, असे मी समजतो. तक्रार अशी की, या सदरातून मुले एक चित्र उतरवायला शिकतात, पात्र काढायला शिकत नाहीत. आणि या दोन्हींतला फरक नवशिक्याला वेळेवर कोणी सांगितला नाही, तर महिन्या-दोन महिन्यांत त्याची पेन्सिल थांबते.

झाले असे. माझ्या नातीने, तेव्हा ती नऊ वर्षांची होती, अशाच एका चार चौकटींच्या पाठावरून माकड काढले. चांगले काढले, छापील कोणते आणि हातचे कोणते हे चार हातांवरून कळू नये इतके चांगले. मग तिला गोष्ट सुचली. हे माकड शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड पळवते आणि नारळाच्या झाडावर चढून बसते, अशी ती गोष्ट होती, आणि पापड घेऊन पळणारे माकड अर्थातच पाठमोरे दिसायला हवे होते. तिने वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, “आजोबा, आता हे मागून काढून द्या.” मी सरकारी खात्यात ३४ वर्षे आरेखक होतो. कालव्यांचे छेद, मोऱ्या, पुलांचे खांब हे सगळे ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवण्यात आयुष्य गेले, तेव्हा एका माकडाची ती काय कथा, अशा थाटात मी पेन्सिल उचलली. अर्ध्या तासाने जे तयार झाले त्याकडे बघून नात म्हणाली, “आजोबा, हे कपाट आहे.” ते कपाटच होते. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, उभ्या कडा ओळंब्यात, आणि कान म्हणून दोन बाजूंना लावलेल्या दोन कड्या. शेपूट कुठून काढायची हे तर मला कळेचना, कारण मूळ चित्रात ती डोक्यामागून वर आलेली होती आणि तिचा उगम चौथ्या चौकटीपर्यंत गुलदस्त्यातच राहिला होता.

या फजितीतून माझे शिक्षण सुरू झाले, वयाच्या ६३व्या वर्षी. पुस्तके चाळली, मोबाइलवरचे पाठ पाहिले, आणि एक गोष्ट ध्यानात यायला बरेच दिवस लागले, ती ही की, पहिल्या चौकटीतले ते वर्तुळ म्हणजे ताट नसून चेंडू असतो. सगळी मेख इथेच आहे. वर्तुळाला ताट समजले की त्यावर डोळे, नाक, तोंड पानात पदार्थ वाढावेत तसे वाढले जातात, आणि ताट वळवले तर काय दिसेल हा प्रश्नच उद्भवत नाही. चेंडू समजले की तो वळतो, वर बघतो, मान खाली घालतो.

हे नातीला समजावण्यासाठी मी एक मोसंबे घेतले. त्यावर स्केचपेनने देठापासून बुडापर्यंत एक उभी रेघ काढली आणि मधोमध पट्टा बांधावा तशी एक आडवी रेघ पूर्ण फिरवली. दोन्ही रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे नाक, आडव्या रेघेवर दोन बाजूंना डोळे, आणि तीच रेघ मागे जाताना ज्या दोन जागी कडेवर येते तिथे कान. मोसंबे समोर धरले की दोन्ही रेघा सरळ दिसतात. थोडे डावीकडे वळवले की उभी रेघ कमानीसारखी वाकते, नाक मध्यावरून सरकते आणि लांबचा डोळा अरुंद होतो. मोसंबे मागे कलंडले की आडवी रेघ वरच्या बाजूला फुगते आणि चेहरा आभाळाकडे बघू लागतो. पुढे कलंडले की तीच रेघ खाली झुकते आणि चेहरा खजील होतो. पूर्ण वळवले की छेदबिंदू नाहीसा होतो आणि उरते ते फक्त डोके, दोन कान आणि मानेचा खळगा. नातीला हे समजायला पंधरा मिनिटे लागली. मला दोन दिवस लागले होते, हे मी तिला सांगितले नाही. त्या संध्याकाळी तिने पाठमोरे माकड काढले, शेपूट जिथून निघायला हवी तिथून निघाली, आणि ते मोसंबे नंतर सोलून खाल्ले गेले तेव्हा सालीवर दोन डोळे तसेच होते.

स्वयंपाकघरातून हा प्रकार बघणाऱ्या तिच्या आजीचे म्हणणे पडले की यात नवीन ते काय. ठिपके मोजल्याशिवाय रांगोळी कोण घालते? तिचे म्हणणे मला आजही सर्वांत नेमके वाटते. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके आधी येतात, रेघा त्यांच्या आधाराने फिरतात आणि रांगोळी पुरी झाली की ठिपके त्यात मुरून जातात. कार्टूनमध्येही ही आधाराची वर्तुळे आणि रेघा आधी येतात, पुसटशा काढल्या जातात आणि शेवटच्या गडद रेघेखाली दिसेनाशा होतात. आपल्या सदराची अडचण अशी की त्यात हे ठिपके पहिल्या चौकटीत फक्त नावाला दाखवले जातात आणि तिसऱ्या चौकटीकडून चौथीकडे जाताना मधली सगळी कारागिरी पडद्याआड घडते. दोन डोळ्यांचे ठिपके असलेल्या गोळ्यावरून एकदम केसाळ, रंगवलेले, हसणारे माकड! नात तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीमधल्या त्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवून विचारायची, “इथे काय झालं?”

आरेखक म्हणून मला खरी लाज वाटली ती पुढच्या गोष्टीची. नोकरीत आम्ही कोणतेही बांधकाम एका चित्रावर कधी सोडले नाही. वरून दिसणारा आराखडा, समोरचा दर्शनी भाग, बाजूचा भाग, मागचा भाग, छेद, हे सगळे एका कागदावर, एका मापात, एकमेकांशी रेघांनी जोडून दाखवल्याशिवाय गवंड्याने विटेला हात लावायचा नाही, असा दंडक. कार्टूनचे चित्रपट बनवणारे स्टुडिओ नेमके हेच करतात, हे मला निवृत्तीनंतर कळावे! तिथे प्रत्येक पात्राचा एक तक्ता तयार होतो, त्याला मॉडेल शीट म्हणतात. त्यावर तेच पात्र समोरून, पाऊण वळलेले, बाजूने आणि पाठमोरे उभे केलेले असते, आणि डोक्याचा माथा, हनुवटी, खांदे, कंबर आणि गुडघे यांतून आडव्या रेघा या सगळ्या आकृत्यांमधून आरपार गेलेल्या असतात, म्हणजे वेगवेगळ्या टेबलांवर बसलेल्या अनेक हातांनी काढले तरी पात्र एकच राहते. ही शिस्त आपल्याकडे मुंबईत आली त्यालाही आता बराच काळ लोटला. १९५६ साली डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स हे अ‍ॅनिमेटर केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजन या चित्रपट संस्थेच्या कार्टून विभागात शिकवायला आले, त्यांच्या हाताखाली आपली तुकडी तयार झाली, १९५७ साली त्या विभागाने जातककथेतल्या हरणावरचा लघुपट केला, आणि भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतात ते राम मोहन हे त्याच विभागातून पुढे आले. इतक्या जुन्या गोष्टीचा एक तुकडाही आपल्या मुलांच्या पुरवणीत येऊ नये, याचे मला नवल वाटते.

नियम असला की पळवाटही असते, आणि ती सांगितली तर मुलांना अधिक मौज वाटते. १९२८ साली पडद्यावर आलेल्या मिकी माऊसची घडण मुख्यतः वर्तुळांची आहे, कारण वर्तुळ भराभर काढता येते आणि कोणत्याही बाजूने सारखेच दिसते. पण त्याचे कान बघा. डोके बाजूला वळले तरी दोन्ही कान गोलच राहतात. खरा उंदीर असा वळला तर ते अरुंद व्हायला हवेत. ही चूक नाही, ही जाणूनबुजून घेतलेली सूट आहे, कारण ते दोन गोल म्हणजेच त्या पात्राची ओळख आहे. हाताला चारच बोटे देण्याची रूढीही अशीच: एक बोट वाचले की श्रम वाचतात, आणि लहान फुगीर हातावर पाच बोटे केळ्यांच्या फणीसारखी दिसतात. मला मात्र पाच बोटे काढायचा मोह आवरत नाही. खात्यातली सवय, मोजमाप पुस्तकात पाच असतील तर पाचच दाखवायची.

मापाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. खरा प्रौढ माणूस त्याच्या स्वतःच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट उंच असतो, आणि कार्टूनमधले लहान मूल दोन ते तीन डोक्यांत आटोपते. एवढे एक प्रमाण बदलून एकाच चेहऱ्याचे बाळ, शाळकरी पोर आणि पैलवान होतो, आणि हे मुलांना पट्टी न लावता, नुसते पेन्सिलीने अंदाज घेऊन करता येते.

माझे माकड कपाटासारखे का दिसले याचे खरे कारण मात्र माप नव्हते. ते ओळंब्यात उभे होते. जिवंत प्राणी ओळंब्यात उभा राहत नाही. एक पाय वाकलेला, एक खांदा खाली, कंबर बाहेर, असा कुठे तरी तो कललेला असतो, आणि चित्रकार डोक्यापासून पायापर्यंत जाणारी ती एक वाकलेली रेघ सर्वांत आधी टाकतो, मग तिच्यावर डोके आणि धड चढवतो. झाडावर चढणाऱ्या माकडाची ती रेघ धनुष्यासारखी असते, पापड घेऊन पळणाऱ्याची पुढे झुकलेली. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आपल्याच वारली चित्रांकडे बघावे. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, एक लहान गोल म्हणजे डोके, हातापायांच्या काड्या. चेहऱ्यावर नाक-डोळेही नाहीत. तरी तारपा वाजवणाऱ्याभोवती वेटोळे घालून नाचणारी ती माणसे खरोखर नाचत असतात, कारण वरचा त्रिकोण खालच्यावर नेमका किती कलवायचा हे त्या हातांना ठाऊक असते. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या कलावंतामुळे ही चित्रे जगभर पोहोचली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या मुलांना कार्टूनची पहिली बाराखडी शिकवायला याहून जवळचे काही सापडेल असे वाटत नाही.

चेहऱ्यावरच्या भावांचा धडा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत गमतीचा आहे, आणि नेमका तोच आपल्या सदरात नाही. तिथले सगळे प्राणी बारा महिने एकच हसू हसतात. जिनिव्हात रोडॉल्फ टॉपफर नावाचे एक शाळाचालक होऊन गेले. डोळ्यांच्या दुखण्यामुळे चित्रकार होण्याचा विचार त्यांना सोडावा लागला, मग ते आपल्या विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठी चित्रांच्या गोष्टी रचू लागले, आणि आज त्यांना चित्रमालिकांच्या आद्य जनकांपैकी एक मानतात. १८४५ साली त्यांनी चेहऱ्यांच्या भावांवर एक छोटा निबंध लिहिला. त्याचा सारांश असा की, चित्रकला अजिबात न शिकलेल्या माणसाने गिरगटलेला ओबडधोबड चेहरासुद्धा कोणता तरी भाव दाखवतोच. तेव्हा सरळ गिरगटत सुटावे, एकेक रेघ बदलून बघावी आणि काय बदलले ते टिपत जावे. नवशिक्यासाठी याहून दिलासादायक सूचना माझ्या वाचनात नाही.

आम्ही ती घरी करून पाहिली. एका पाठकोऱ्या कागदावर वीस गोल काढले, सगळ्यांना तेच नाक आणि तेच दोन टिंबांचे डोळे दिले, आणि फक्त भुवया आणि तोंड बदलत गेलो. भुवयांची आतली टोके वर गेली की चेहरा रडवेला होतो, तीच टोके खाली आली की संतापतो, एकच भुवई वर गेली की त्याला संशय येतो, आणि तोंडाची रेघ सरळ ठेवून भुवया उंच नेल्या की काही तरी लपवत असल्यासारखा दिसतो. नातीने विसांना नावे दिली. ‘पेपर अवघड गेला’, ‘पाहुणे जातच नाहीत’, ‘शेवटची पुरणपोळी दादाने खाल्ली’ आणि, माझ्याकडे चोरून बघत, ‘आजोबांचा चष्मा हरवला’. शेवटचा चेहरा हुबेहूब होता, हे मला मान्य करावे लागले.

आता ज्यांच्या नावाशिवाय आपल्याकडे हा विषय पुरा होत नाही, त्या आर. के. लक्ष्मण यांच्याकडे वळतो. त्यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता, ही गोष्ट प्रत्येक पालक मुलाला सांगतो, आणि तिचा अर्थ ‘शिकण्याची गरज नसते’ असा लावला जातो. तो अर्थ चुकीचा आहे. मैसूरच्या घराच्या खिडकीतून दिसणारी झाडे, सरपटणारे जीव, लाकडे फोडणारे गडी आणि विशेषतः कावळे लक्ष्मण लहानपणापासून कागदावर उतरवत होते. कावळ्यांचे वेड त्यांना अखेरपर्यंत पुरले. शाळा हुकली असेल, निरीक्षण हुकले नव्हते. आणि १९५१ पासून अनेक दशके रोज भेटलेला त्यांचा कॉमन मॅन, चौकड्यांचा कोट, धोतर, गोल चष्मा आणि टकलाभोवती उरलेले चार केस एवढ्या सामग्रीचा, तोसुद्धा एका बैठकीत जन्मलेला नाही. आधी ते निरनिराळ्या प्रांतांच्या माणसांचा घोळका काढत, रोजच्या घाईत एकेक माणूस गळत गेला आणि शेवटी हा एक उरला, असे त्यांनीच सांगितले आहे.

पुण्यात सिंबायोसिसच्या आवारात या कॉमन मॅनचा पुतळा आहे, मुंबईत वरळीच्या समुद्रकिनारीही आहे. मागच्या दिवाळीत आम्ही पुण्याला गेलो तेव्हा नात समोरून त्याला बघून सरळ मागे गेली आणि तिथे वही उघडून बसली. टक्कल, कानांमागचे केस, किंचित वाकलेले खांदे, कोटाची मागची बाजू, धोतराचा घोळ. वर्तमानपत्राच्या सपाट कागदावर जन्मलेल्या माणसाभोवती प्रदक्षिणा घालता येते, याचे कारण तो कागदावर असतानाही त्याच्या कर्त्याला त्याची पाठ माहीत होती. मला जे सांगायला आतापर्यंत इतकी पाने लागली, ते तिने न बोलता केले.

मराठी घरांत तर या कलेची उदाहरणे हाताशी आहेत. शि. द. फडणीस यांनी प्राथमिक शाळेच्या गणिताच्या पुस्तकांना काढलेल्या चित्रांमुळे बेरीज-वजाबाकीची भीती गेलेली एक पिढी आहे, आणि त्यांच्या हास्यचित्रांना शब्दांची गरज सहसा लागत नाही, म्हणजे सगळा भार पात्राच्या उभे राहण्यावर आणि बघण्यावर असतो. वसंत सरवटे पेशाने स्थापत्य अभियंता होते. ही माहिती मिळाली तेव्हा मला माझ्या टी-स्क्वेअरबद्दल, म्हणजे आरेखकाच्या टी आकाराच्या पट्टीबद्दल, थोडी आशा वाटू लागली. चारुहास पंडित यांच्या रेषेतला चिंटू १९९१ पासून रोज चार-दोन रेघांत भेटत आला. मुले म्हणतात, हा तर सोपा आहे. काढून बघा म्हणावे, आणि मग तोच चिंटू वाकून चेंडू उचलताना काढा म्हणावे.

या नावांचा उल्लेख केल्यावर एक खुलासा करायला हवा. दुसऱ्याचे पात्र उतरवणे हा सरावाचा चांगला मार्ग आहे. हात वळतो, डोळा तयार होतो. परंतु ती पात्रे त्यांच्या कर्त्यांची असतात. मिकीचे १९२८ सालचे अगदी पहिले रूप अमेरिकेत १ जानेवारी २०२४ रोजी स्वामित्वहक्काची मुदत संपून सर्वांना खुले झाले, म्हणजे त्याला पंचाण्णव वर्षे लागली. आपल्या पुरवणीच्या चित्रस्पर्धेत मात्र दर महिन्याला प्रसिद्ध पात्रांच्या हुबेहूब नकलांना बक्षिसे मिळतात, आणि त्यांखाली ‘चित्र: अमुक, इयत्ता चौथी’ असे छापले जाते. मुलाने कष्ट घेतलेले असतात यात शंका नाही, परंतु त्याच चौथीतल्या मुलाने स्वतः कल्पिलेला, एक कान लहान आणि एक मोठा असलेला बेंगरूळ बोका बाजूला पडतो, हे काही बरोबर वाटत नाही.

साहित्याबद्दल दोन शब्द. सदराच्या शेवटी ‘काय लागेल’ म्हणून स्केचपेनचा संच, काळे मार्कर, खास वही अशी यादी असते. ती वाचून आमच्या कामवाल्या बाईंच्या मुलाने पेपर परत ठेवला. वास्तविक सुरुवातीला एक टू-बी पेन्सिल आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा पुरतो, आणि त्याहून उत्तम म्हणजे जुनी पाटी. पाटीवर चुकण्याचे भय नसते, बोटाने पुसले की झाले, आणि चित्र जपून ठेवायचे नसल्यामुळे हात मोकळा चालतो. माझी तऱ्हा नेमकी उलट होती. शाईची रेघ चुकली तर ब्लेडने हलकेच खरवडायची, अशा वळणात मुरलेला हात एकेक रेघ तुकड्या-तुकड्यांनी, केसाळ काढायचा. मनगट टेकवून काढलेली रेघ लहान आणि घाबरी येते. कोपरापासून हात फिरवला की ती लांब आणि डौलदार येते. हे वाक्य लिहायला सोपे आहे. मला त्यासाठी वर्तमानपत्रांच्या रद्दीवर खडूने दीड महिना नुसते गोल काढावे लागले, आणि त्यांतले बरेचसे आपल्याच अग्रलेखांवर काढलेले आहेत, याबद्दल क्षमस्व. कंपास मी कुलपात ठेवला आहे. कंपासचा गोल बिनचूक असतो आणि म्हणूनच मेलेला असतो.

कलाशिक्षकांचा एक जुना आक्षेप मला ठाऊक आहे: कार्टूनने हात बिघडतो. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना अनेक ठिकाणी कार्टून काढण्याची मनाईच असते. आक्षेपात तथ्य एवढेच आहे की, जो मुलगा फक्त कार्टूनवरून कार्टून काढत राहतो आणि खरी गाय, खरी सायकल, खरी आजी कधी बघत नाही, त्याचे चित्र लवकरच शिळे होते. परंतु याच परीक्षांतल्या स्मरणचित्रात काय घडते ते बघा. बाजाराचे चित्र असो की रंगपंचमीचे, मुले पाठ केलेली तीच चार माणसे सगळीकडे उभी करतात: एक घागर घेतलेली, एक छत्री धरलेला, एक पाठमोरा आणि एक हात वर केलेला. गोळ्यावरून डोके आणि एका वाकड्या रेघेवरून शरीर उभे करायला शिकलेल्या मुलाला माणसे पाठ करावी लागणार नाहीत. भाजीवालीला तो वाकवील, गिऱ्हाइकाला संशयाने मेथीची जुडी उलटवायला लावील. वस्तुचित्रात तांब्या काढताना जी तोंडाची लंबवर्तुळे आणि मधली अक्षरेषा शिकवतात, ती त्या मोसंब्यावरच्या रेघांची सख्खी बहीण आहे. मग ती तांब्याला चालते आणि माकडाला का चालू नये?

म्हणून माझी विनंती अशी की, हे सदर बंद करू नये, फक्त त्याची घडी बदलावी. दर शनिवारी नवा प्राणी देण्यापेक्षा एकच पात्र चार शनिवार चालवावे. पहिल्या आठवड्यात ते समोरून, दुसऱ्यात पाऊण वळलेले, तिसऱ्यात पाठमोरे आणि चौथ्यात कुठे तरी धडपडताना यावे. आधाराच्या रेघा शेवटच्या चौकटीतही फिकट निळ्या रंगात राहू द्याव्यात. छपाईत एवढे सहज साधते, हे मी नकाशांच्या प्रती काढून घेण्यात आयुष्य घालवलेला माणूस म्हणून खात्रीने सांगतो. एखाद्या आठवड्यात चेहरा कोराच ठेवून भुवया आणि तोंड मुलांवर सोपवावे. स्पर्धा घ्यायचीच तर मुलांनी स्वतः रचलेल्या पात्राची घ्यावी, आणि नियम एकच असावा: ते पात्र किमान दोन बाजूंनी काढलेले हवे. रंगवण्याचा आग्रह नको. यासाठी जागा जास्त लागणार नाही, आहे ते पाव पान पुरेल.

सोबत नातीने काढलेले पाठमोऱ्या माकडाचे चित्र जोडले आहे. ते आपल्या मे महिन्याच्या स्पर्धेसाठी पाठवले होते आणि ‘दिलेल्या नमुन्याप्रमाणे नाही’ अशा शेऱ्यासह परत आले, त्याबद्दल आम्हा दोघांचे काही म्हणणे नाही; नियम तसा होता. शेपूट कुठून निघते ते या चित्रात स्पष्ट दिसते, आणि डाव्या हातातला पापड उडदाचा आहे. छापले नाही तरी चालेल, मात्र परत पाठवण्याची कृपा करावी, कारण ती मूळ प्रत आहे आणि माकड नारळावर चढल्यानंतरचे पुढचे चित्र तिला त्यावरून काढायचे आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त आरेखक, सातारा